एकच वेबपान, दोन स्क्रीन रीडर

दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी व्यक्तीच्या संगणकवापरात पडद्याची जागा घेणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावरचा मजकूर, बटणे, याद्या आणि चौकटी यांची माहिती हे सॉफ्टवेअर ब्राउझर व कार्यप्रणाली यांच्याकडून मिळवते आणि कृत्रिम आवाजात ऐकवते किंवा ब्रेल पट्टीवर उमटवते. माउसचा उपयोग जवळजवळ नसल्यामुळे सगळ्या हालचाली कीबोर्डवरूनच होतात. डोळस व्यक्तीने विंडोजचा संगणक सोडून मॅक घेतला, तर तिला नवे मेनू शोधावे लागतात, पण ब्राउझर उघडल्यावर समोर येणारे वेबपान तिच्या ओळखीचेच असते. स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्या व्यक्तीला मात्र नेमके तेच पान परके वाटू लागते, कारण पान जसेच्या तसे असले तरी ते कानापर्यंत आणणारी यंत्रणा बदललेली असते. काही नवे शॉर्टकट पाठ केले की हे परकेपण जाते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे, कारण दोन यंत्रणांनी वेबपान म्हणजे काय याविषयीच दोन निराळ्या कल्पना गृहीत धरलेल्या आहेत.

या दोन कल्पना कशा घडल्या हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1980च्या दशकात डॉस प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा म्हणजे 80 स्तंभ आणि 25 ओळींची अक्षरांची जाळी होती. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे हे संगणकाच्या स्मृतीतून थेट वाचता येत असे, आणि आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी तयार केलेला स्क्रीन रीडर असो की टेड हेंटर यांच्या कंपनीने 1989 मध्ये आणलेला जॉज असो, दोघांचे मूळ काम ही जाळी वाचण्याचे होते. चित्रमय पडदे आले तेव्हा ही जाळी नाहीशी झाली आणि तिच्या जागी नुसते ठिपके उरले. मॅकिन्टॉश संगणकासाठी बर्कली सिस्टिम्स या कंपनीने 1989 मध्येच आउटस्पोकन आणून ही कोंडी फोडली होती. परंतु पुढच्या दशकात कचेऱ्यांमध्ये विंडोज पसरली, 1995 मध्ये जॉजची विंडोज आवृत्ती आली आणि दृष्टिहीनांच्या संगणक प्रशिक्षणाचा सारा ओघ त्या बाजूला वळला. अ‍ॅपलने व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर थेट कार्यप्रणालीतच बसवून दिला तो एप्रिल 2005 मध्ये, मॅकच्या टायगर या आवृत्तीत. त्यानंतर वर्षभरातच ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने विंडोजसाठी एनव्हीडीए हा विनामूल्य व मुक्त स्रोताचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जॉजसाठी मोठी रक्कम मोजावी लागत असल्याने भारतासारख्या देशात असंख्य विद्यार्थ्यांना एनव्हीडीएनेच वेबची दारे उघडून दिली, आणि या उपकाराचे मोल कितीही सांगितले तरी थोडेच आहे.

अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठाशी जोडलेली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी वेळोवेळी करते. 2023च्या अखेरीस सुरू होऊन 2024च्या आरंभी संपलेल्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून सुमारे 40 टक्के लोकांनी जॉजचे, सुमारे 38 टक्के लोकांनी एनव्हीडीएचे आणि सुमारे 10 टक्के लोकांनी व्हॉइसओव्हरचे नाव घेतले. विंडोजकडून मॅककडे जाणारी व्यक्ती त्यामुळे मोठ्या समूहातून लहान समूहात जाते. तिला शिकवू शकणारे शिक्षक कमी असतात, आणि जे असतात त्यांच्याही बोटांत विंडोजच्याच सवयी मुरलेल्या असतात.

वेबपान ब्राउझरमध्ये पोहोचते तेव्हा ते एका उतरंडीच्या रूपात साठवले जाते. सर्वात वर संपूर्ण दस्तऐवज, त्याच्या पोटात विभाग, विभागांच्या पोटात मथळे, परिच्छेद, याद्या आणि त्यांच्याही आत लिंका व बटणे, अशी ही रचना असते. तिच्यापासून ब्राउझर दुसरी, सुटसुटीत उतरंड तयार करतो. तिला सुलभता-वृक्ष म्हणता येईल. या वृक्षातील प्रत्येक घटकाला एक भूमिका, एक नाव आणि एक अवस्था असते: भूमिका ‘बटण’, नाव ‘शोधा’, अवस्था ‘सध्या अनुपलब्ध’. रंग, अक्षरांचा आकार आणि सजावट यांना येथे फारसे स्थान नसते. हा वृक्ष स्क्रीन रीडरच्या हाती येईपर्यंतचा मार्ग विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींत तत्त्वतः सारखाच आहे. वाटा फुटतात त्या यापुढे.

विंडोजवरील स्क्रीन रीडर या वृक्षाचे सपाटीकरण करतात. 1990च्या दशकातील ब्राउझरमध्ये वाचण्यासाठी उघडलेल्या पानावर टंकनाचा कर्सर नसे, म्हणजे बाणांच्या कळांनी ओळीओळीने पुढे सरकण्याची सोयच नव्हती. म्हणून स्क्रीन रीडरने पानातील सर्व घटक एकापुढे एक मांडून त्यांची एक मजकुरी प्रत स्वतःच्या ताब्यात तयार करायची आणि त्या प्रतीवर स्वतःचा कर्सर फिरवायचा, अशी युक्ती रूढ झाली. या प्रतीला आभासी साठा आणि तिच्यावर फिरणाऱ्या कर्सरला जॉजच्या परिभाषेत आभासी कर्सर म्हणतात. परिणाम असा की विंडोजच्या वापरकर्त्याला कोणतेही वेबपान एखाद्या लांबलचक वर्ड फाइलसारखे भासते. खालचा बाण दाबला की पुढची ओळ, उजवा बाण दाबला की पुढचे अक्षर, कंट्रोलसह उजवा बाण दाबला की पुढचा शब्द. एखाद्या नावाचे स्पेलिंग तपासायचे असेल तर त्या नावावर थांबून अक्षर अक्षर ऐकता येते. ही प्रत वाचनासाठीच असल्यामुळे तिच्यावर काही टंकित करायचे नसते आणि साऱ्या अक्षरकळा मोकळ्या राहतात. या मोकळ्या कळांना उड्या मारण्याची कामे दिलेली आहेत. एनव्हीडीएमध्ये एच दाबले की पुढचा मथळा, के दाबले की पुढची लिंक, टी दाबले की पुढचा तक्ता, बी दाबले की पुढचे बटण. 1 ते 6 या आकड्यांनी त्या त्या पातळीचा मथळा. बातम्यांच्या एखाद्या पानावर दुसऱ्या पातळीच्या मथळ्यांवरून 2 दाबत दाबत जाणारी व्यक्ती अर्ध्या मिनिटात सारे ठळक विषय चाळून मोकळी होते.

या सोयीची किंमत म्हणजे दोन अवस्थांमधली ये-जा. वाचनाच्या अवस्थेत एच म्हणजे मथळा, पण शोधचौकटीत ‘हरिश्चंद्रगड’ लिहायला गेलेल्या व्यक्तीला एच म्हणजे एचच हवा असतो. म्हणून चौकटीवर एंटर दाबला की एनव्हीडीए वाचन-अवस्थेतून लेखन-अवस्थेत जाते, तसे गेल्याची खूण म्हणून एक छोटा आवाज करते, आणि एस्केप दाबल्यावर पुन्हा वाचनाकडे वळते; हीच अदलाबदल एनव्हीडीए-कळ (एनव्हीडीएच्या आज्ञांसाठी राखलेली कळ, बहुधा इन्सर्ट) आणि स्पेसबार एकत्र दाबूनही करता येते. वर्षानुवर्षे विंडोज वापरणाऱ्यांना हा आवाज वेगळा ऐकू येईनासा होतो, इतका तो अंगवळणी पडतो.

व्हॉइसओव्हरने सपाटीकरणाचा मार्ग घेतला नाही. तेथे वृक्ष वृक्षच राहतो आणि व्हॉइसओव्हरचा कर्सर एका घटकावरून दुसऱ्या घटकावर जातो. कंट्रोल आणि ऑप्शन या दोन कळा एकत्र धरून ठेवणे हा व्हॉइसओव्हरच्या बहुतेक आज्ञांचा पाया आहे. या जोडीला वापरकर्ते व्हीओ म्हणतात. व्हीओ आणि उजवा बाण दाबला की पुढचा घटक, व्हीओ आणि डावा बाण दाबला की मागचा. एखादा घटक स्वतःच इतर घटकांचा समूह असेल, तर पुष्कळदा त्याच्या आत शिरण्यासाठी व्हीओ, शिफ्ट आणि खालचा बाण दाबावा लागतो आणि बाहेर येण्यासाठी व्हीओ, शिफ्ट आणि वरचा बाण. एकात एक बसवलेल्या डब्यांपैकी बाहेरचा उघडल्याशिवाय आतल्याला हात लागू नये, तसा हा प्रकार आहे. नवख्या वापरकर्त्याची पहिली अडचण बहुधा येथेच होते: सफारी हा ब्राउझर उघडला, पत्ता टाकला, पान आले, आवाजाने ‘वेब मजकूर’ एवढेच सांगितले आणि पुढे बाण दाबला तर कर्सर पानाला ओलांडून खिडकीतील दुसऱ्याच घटकावर गेला. पान रिकामे आहे असा त्या व्यक्तीचा ग्रह होतो. वास्तविक ती पानाच्या दारात उभी असते आणि आत शिरण्याची आज्ञा द्यायची राहिलेली असते.

आत शिरल्यावरही वाचनाचा घाट बदललेला जाणवतो. समजा, एका लेखाच्या परिच्छेदात सलग मजकूर आहे आणि त्यात मध्येच दोन लिंका आहेत. एनव्हीडीएच्या नेहमीच्या मांडणीत त्या लिंका ओळीच्या प्रवाहातच राहतात. खालचा बाण दाबला की संपूर्ण ओळ ऐकू येते आणि वाटेत ‘लिंक’ एवढा शब्द कानावर पडतो. व्हॉइसओव्हरच्या दृष्टीने मात्र याच परिच्छेदाचे पाच घटक होऊ शकतात: लिंकेआधीचा मजकूर, पहिली लिंक, मधला मजकूर, दुसरी लिंक आणि उरलेला मजकूर. व्हीओ व उजव्या बाणाने पुढे जाणाऱ्या व्यक्तीला एक वाक्य पाच तुकड्यांत मिळते आणि प्रत्येक तुकड्यासाठी कळ दाबावी लागते. व्हीओ आणि ए दाबून सलग वाचन सुरू करणे हा यावरचा सरळ उपाय आहे, पण विंडोजवरून आलेली व्यक्ती सवयीने बाण दाबत राहते आणि मॅकवर वेब वाचणे संथ आहे अशा निष्कर्षाला येते. हा निष्कर्ष न्याय्य म्हणता येत नाही. तो दुसऱ्या पद्धतीला पहिल्या पद्धतीच्या मापाने मोजण्यातून निघालेला आहे.

टॅब कळेचा प्रश्न त्याहून बारीक, पण अधिक त्रासदायक आहे. विंडोजवर टॅब दाबत गेले की लिंका, बटणे आणि चौकटी क्रमाने मिळत जातात, आणि इतर कोणतीही आज्ञा न आठवल्यास हीच कळ आधाराला येते. सफारीच्या मूळ मांडणीत टॅब दाबल्यावर भरायच्या चौकटी मिळतात, लिंका वगळल्या जातात. त्या हव्या असतील तर ऑप्शनसह टॅब दाबावा लागतो किंवा सफारीच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन पानावरील प्रत्येक घटकावर टॅबने थांबण्याचा पर्याय निवडावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी पानावरच्या सर्व लिंका जणू नाहीशा झालेल्या असतात. प्रणाली बदलणाऱ्या प्रत्येक दृष्टिहीन व्यक्तीला ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली जावी.

उड्यांची सोय मॅकवरही आहे, फक्त ती निराळ्या वाटेने येते. व्हीओ, कमांड आणि एच दाबले की पुढचा मथळा, एलने पुढची लिंक, जेने पुढची भरायची चौकट, टीने पुढचा तक्ता; यातच शिफ्ट मिळवली की उलट दिशा. तीन-चार कळा एकदम दाबणे दिवसभर परवडत नाही, म्हणून डावा व उजवा बाण एकत्र दाबून सुरू होणारी क्विक नॅव्ह ही सोय आहे. ती चालू असताना व्हीओ न धरता नुसत्या बाणांनी फिरता येते, आणि एकेरी अक्षरकळांची क्विक नॅव्ह स्वतंत्रपणे चालू केली की विंडोजप्रमाणे एच किंवा एल एवढेच दाबून उडी घेता येते. मात्र यामुळे अवस्थांचा जुना प्रश्न दुसऱ्या रूपात परत येतो, कारण चौकटीत लिहिताना ही सोय चालू आहे की बंद, याचे भान ठेवावे लागते. याखेरीज रोटर नावाची सोय आहे. व्हीओ आणि यू दाबले की पानावरील मथळ्यांची, लिंकांची, चौकटींची आणि विभागांची स्वतंत्र सूची उघडते. डाव्या-उजव्या बाणांनी सूची बदलायची, वरच्या-खालच्या बाणांनी त्यातील नोंद निवडायची आणि दोन-चार अक्षरे टंकित करून सूची आणखी गाळायची. एनव्हीडीएमध्ये हेच काम एनव्हीडीए-कळ आणि एफ7 यांनी उघडणारी घटकसूची करते, आणि जॉजमध्ये मथळ्यांसाठी इन्सर्ट व एफ6, लिंकांसाठी इन्सर्ट व एफ7. रोटर 2009 मध्ये आयफोनच्या 3जीएस या मॉडेलबरोबर आला. त्या फोनच्या काचेवर दोन बोटे फिरवून तो हाताळायला शिकलेल्या व्यक्तीला मॅकवरील रोटर नवा वाटत नाही. विंडोज वापरणाऱ्या पण खिशात आयफोन असणाऱ्या व्यक्तीचे स्थित्यंतर त्यामुळे पुष्कळ सुकर होते.

तक्त्यांबाबत फार बोलण्याचे कारण नाही. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाण यांनी घराघरांतून फिरता येते व स्तंभ बदलला की त्याचे शीर्षक आपोआप ऐकू येते, तर व्हॉइसओव्हरमध्ये व्हीओ आणि बाणांनी फिरता येते व स्तंभाचे शीर्षक व्हीओ आणि सी दाबून विचारता येते.

लिनक्सकडे वळणाऱ्यांची कथा वेगळी आहे. ग्नोम या पडदा-वातावरणात ऑर्का हा स्क्रीन रीडर असतो. तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मला आणि 2006 पासून ग्नोमचा अधिकृत स्क्रीन रीडर आहे. सुपर, ऑल्ट आणि एस या कळांनी तो चालू होतो, आणि वेबपानावर एच म्हणजे मथळा, के म्हणजे लिंक, टी म्हणजे तक्ता ही विंडोजची वहिवाट तेथेही आहे. वाचन आणि लेखन या दोन अवस्थाही आहेत. लिनक्सला अवघड मानण्याची रीत असली, तरी नुसत्या वेबवाचनाचा विचार केला तर एनव्हीडीए वापरणाऱ्या व्यक्तीला ऑर्का हा व्हॉइसओव्हरपेक्षा जवळचा वाटण्याचा संभव अधिक आहे. लिनक्सवरचा खरा त्रास वेबच्या बाहेर, आवाजाची यंत्रणा बसवण्यात आणि वेगवेगळ्या अ‍ॅप्लिकेशनांच्या असमान सुलभतेत असतो.

कळा आणि कर्सर बदलले तरी एक गोष्ट वापरकर्त्याबरोबर सर्व प्रणालींत येते, आणि ती म्हणजे पानाच्या कर्त्याने दिलेली रचना. मथळा जर मथळा म्हणूनच नोंदवला असेल, तर एनव्हीडीएच्या एचला, व्हॉइसओव्हरच्या रोटरला आणि ऑर्कालाही तो सापडतो. अक्षरे मोठी व ठळक करून मथळ्याचा नुसता देखावा केला असेल, तर तो कोणालाच सापडत नाही. वर उल्लेखलेल्या पाहणीत लांब पानावर माहिती शोधताना प्रथम मथळ्यांचा आधार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्के होते. चौकटीला नाव नसणे, चित्राला पर्यायी मजकूर नसणे, बटण म्हणून दिसणारी गोष्ट उतरंडीत बटण म्हणून नोंदलेली नसणे, या त्रुटी जुन्या संगणकावर सरावाने पार केल्या जातात: ‘तिसऱ्या अनामिक बटणावर एंटर दाबायचा’ अशी ओळख हाताला झालेली असते. प्रणाली बदलली की हा सराव निरुपयोगी होतो, कारण दुसरा स्क्रीन रीडर त्याच सदोष पानाचा अर्थ दुसऱ्या तऱ्हेने लावतो. प्रणाली बदलण्याचा खरा भार पडतो तो अशा पानांवर, आणि त्याची जबाबदारी वापरकर्त्याची नसून पान घडवणाऱ्याची आहे.

या जबाबदारीचे नियम लिहिलेले आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संघटनेने वेब-सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम मे 1999 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांची 2.0 ही आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आणि 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. भारतात 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेचे बंधन घातले, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्या प्रकरणात मुख्य प्रश्न बँका व अन्य सेवांसाठी घरबसल्या ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचा होता. डोळे मिचकावून दाखवण्यासारख्या अटी दृष्टिहीन आणि अ‍ॅसिडहल्ल्यात होरपळलेल्या व्यक्तींना सेवेबाहेर ठेवत होत्या.

मराठी वाचकाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, ती भाषेची. प्रत्येक वेबपानाने आपली भाषा कोणती हे आपल्या संकेतांत सांगायचे असते, आणि तसे सांगितले असेल तर स्क्रीन रीडर त्या भाषेचा आवाज निवडू शकतो. मराठी पानावर भाषा इंग्रजी अशी नोंद राहून गेली, तर इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे गाळतो किंवा त्यांचे भलतेच काही करतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या मुक्त ध्वनियंत्रणेत मराठी आहे. तिचा उच्चार यांत्रिक असला तरी वेगात स्पष्ट राहतो, आणि लिनक्सवरही तीच यंत्रणा असल्याने कानांना तेथे नव्याने शिकावे लागत नाही. ब्रेलसाठी लिबलुई या मुक्त संग्रहात मराठीचा तक्ता आहे, त्याचा लाभ एनव्हीडीए आणि ऑर्का या दोघांनाही होतो. युनिकोडपूर्वीच्या काळातील अनेक मराठी संकेतस्थळांवर विशिष्ट फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर असे. डोळ्यांना ती देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेली चिन्हे रोमन लिपीची असल्यामुळे कोणत्याही प्रणालीवरचा कोणताही स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन अक्षरेच उच्चारतो. त्या काळातील जुने अंक व लेख दृष्टिहीन अभ्यासकाला आजही बंदच आहेत, आणि ते युनिकोडमध्ये आणणे हे मराठी संस्थांनी तातडीने हाती घ्यावे असे काम आहे.

आवाजाची सवय हा विषय डोळस वाचकाला किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. जॉज वापरणाऱ्यांच्या पिढ्या इलोक्वेन्स या कृत्रिम आवाजावर वाढल्या आहेत आणि तो आवाज त्या इतक्या वेगाने ऐकतात की अनभ्यस्त कानाला शब्द वेगळा काढता येत नाही. मॅकवर गेल्यावर नैसर्गिक वाटणारे आवाज मिळत, पण त्याच वेगाला त्यांचे शब्द एकमेकांत मिसळत. अ‍ॅपलने 2022 मध्ये मॅक आणि आयफोन या दोहोंवर इलोक्वेन्स उपलब्ध केला, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांचा वाचनवेग त्यांना परत मिळण्याचा मार्ग खुला झाला.

शिकण्याच्या क्रमाविषयी अनुभवी प्रशिक्षकांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. नव्या प्रणालीवर पहिले काही दिवस पूर्वीपासून तोंडपाठ असलेलेच पान उघडावे, म्हणजे ऐकू येणारी विसंगती पानाची आहे की स्क्रीन रीडरची, हे लगेच कळते. कळांची चाचपणी करण्यासाठी प्रत्येक स्क्रीन रीडरमध्ये एक निर्धोक अवस्था असते, जिच्यात कळ दाबली की तिचे काम ऐकू येते पण प्रत्यक्षात काही घडत नाही. मॅकवर ती व्हीओ आणि के यांनी, एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए-कळ आणि 1 यांनी, तर ऑर्कामध्ये ऑर्का-कळ आणि एच यांनी सुरू होते. व्हॉइसओव्हरबरोबर एक अंगभूत शिकवणीही येते, आणि ती टाळून पुढे जाणाऱ्यांना घटकाच्या आत शिरण्या-निघण्याची कल्पना पुष्कळ उशिरा उमगते.

जुनी प्रणाली एका दिवसात सोडण्याची गरज नसते. अनेक दृष्टिहीन व्यक्ती मॅकवर आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, बसवून त्याच्या आत विंडोज आणि एनव्हीडीए चालवतात, आणि एखादे पान सफारीत अडले की तेच पान विंडोजच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहतात. या व्यवस्थेत कळांची वाटणी आधी करून घ्यावी लागते. मॅकच्या कीबोर्डवर इन्सर्ट कळ नसल्यामुळे एनव्हीडीए-कळ म्हणून कॅप्स लॉक निवडावी लागते. तीच कळ व्हॉइसओव्हरनेही व्हीओच्या जागी घेतली असेल, तर ती विंडोजपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी व्हॉइसओव्हरकडे फक्त कंट्रोल-ऑप्शनची जोडी ठेवून कॅप्स लॉक एनव्हीडीएसाठी मोकळी करावी, आणि विंडोजची खिडकी समोर असताना कमांड व एफ5 दाबून व्हॉइसओव्हर बंद ठेवावे, म्हणजे दोन आवाज एकाच वेळी बोलत नाहीत.